अर्ध्या पंचाची पुरी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. थांबा, लगेच डोळ्यांसमोर लाल रंगाची घोड्याची नाल आणू नका. पुस्तकातल्या चित्रात असतो तो वेगळा. तो नटूनथटून कपाटात बसतो आणि वर्षातून एकदा चार टाचण्या उचलून दाखवतो. मी काळा, गोल, तळहाताएवढा, मधोमध भोक असलेला. म्हणजे तसा होतो. आता माझा मोठा तुकडा एका कारखान्याच्या भिंतीवर दोऱ्याला लटकतोय आणि धाकटा तुकडा कुठे आहे ते पुढे सांगतो. मी जरा तोऱ्यात बोलतो असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. ज्या कामासाठी मी तुटलो ते ऐकलंत, की थोडा तोरा मला शोभतो हे तुम्हीच कबूल कराल.

लोखंडाचा गंज तुम्ही पाहिला असेल. लोक तो घासून फेकून देतात. माझं अंग त्याच जातीच्या तांबूस भुकटीचं. त्यात आणखी एक पांढरी पूड मिसळली, साच्यात घालून दाबली आणि भट्टीत भाजली. भट्टीतून निघालो तेव्हा मी नुसता काळा दगड होतो. माझ्यासमोर टाचणी ठेवली असती तर ती ढिम्म हलली नसती. मग मला तारेच्या जाड वेटोळ्यात बसवलं आणि त्या तारेतून क्षणभर जबरदस्त वीज सोडली. तोवर माझ्या अंगातले असंख्य कण शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखे वाटेल तिकडे तोंडं करून उभे होते. त्या एका क्षणात सगळे वळले, एका दिशेला तोंड करून ओळीत उभे राहिले आणि आजतागायत तसेच आहेत. माझी ताकद म्हणजे दुसरं काही नाही, ही शिस्त आहे.

पहिली नोकरी मला रेडिओत लागली. रेडिओच्या कर्ण्यामागे मी बसायचो. माझ्या भोकात तारेचं एक इवलंसं वेटोळं थरथरायचं, त्याबरोबर कागदाचा पडदा थरथरायचा आणि गाणी बाहेर पडायची. तो रेडिओ एका शिंप्याच्या दुकानात होता. शिंपीदादा मोठा धांदरट माणूस. सुई हरवली की रेडिओच्या पाठीवर हात फिरवायचा, कारण त्याच्या निम्म्या सुया मीच पाठीमागून ओढून धरलेल्या असायच्या. "सुया खातोय मेला!" असं म्हणायचा आणि हसायचा. पुढे रेडिओ मुका झाला. दोष माझा नव्हता, आतली कुठलीतरी तार गेली होती. पण माझं घर, म्हणजे रेडिओची ती पेटी, भंगारात गेलं आणि मीही गेलो.

आणि तिथेच, मित्रांनो, माझं खरं शिक्षण झालं.

भंगाराचं दुकान एका मावशीचं होतं. जीभ तिखट, हिशेब तोंडपाठ, आणि नजर अशी की पोत्यात हात घालायच्या आधीच आत काय आहे ते ओळखावं. तिने माझ्या भोकातून सुतळी ओवली आणि मला गळ्यात अडकवलं. आलेल्या प्रत्येक वस्तूला ती मला लावून बघायची. लोखंड दिसलं की मी झेपावायचो. लोखंडाचं आणि माझं सख्ख्या भावांसारखं. मी जवळ गेलो की त्याच्या अंगातले कणही भराभर माझ्याकडे तोंड करतात आणि मग कोण कोणाला ओढतंय तेच कळत नाही. निकेल नावाचा धातू क्वचित यायचा, तोही ओढीने यायचा. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम मात्र जागचे हलत नसत.

सुरुवातीला मला वाटायचं, हे सगळे माझ्याशी बोलतच नाहीत. शिष्ट कुठले! मग एका दुपारी मावशी सहज चाळा म्हणून मला सुतळीवर झोके देत बसली होती. खाली लाकडी फळी होती तेव्हा मी खुशाल झुलत राहिलो. फळीच्या जागी तिने तांब्याची जाडजूड लादी सरकवली, आणि माझा झोका लवकर थांबला. पुन्हा दिला, पुन्हा तेच. मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई! तांबं याला चिकटत नाही, पण याचा हात धरतंय."

अगदी बरोबर बोलली. मी तांब्यावरून सरकलो की तांब्याच्या आत विजेचे बारीक भोवरे उठतात आणि ते मला मागे खेचतात. मी स्थिर राहिलो तर काही नाही, हललो की धरलंच. अॅल्युमिनियमचंही तेच. आणि पाणी, काच, लाकूड? तेसुद्धा मुके नाहीत. ते माझ्यापासून किंचित मागे सरतात, इतके किंचित की तुम्हाला दिसायचं नाही. पण मला जाणवतं. कोणी धावत येतं, कोणी जरासं झुकतं, कोणी अंग चोरतं. ज्याला माझ्या ओढीचं काहीच वाटत नाही असं मला अजून कोणी भेटलेलं नाही. हे मला समजलं आणि मी स्वतःला फार मोठा जाणकार समजायला लागलो. इथे माझी थोडी चूक झाली.

मावशीच्या दुकानातून मला मामांनी नेलं. मामा म्हणजे स्टीलची भांडी, टेबलं, ट्रे बनवणाऱ्या एका कारखान्याचे भांडारप्रमुख. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. कच्चा माल तपासून आत घ्यायचा, कुलपात ठेवायचा आणि लागेल तसा द्यायचा, हे त्यांचं काम. कमरेला चाव्यांचा जुडगा, कानावर खडू. मावशीला ते म्हणाले, "मला असा माणूस हवाय जो कोणाची भीड बाळगत नाही." मावशीने मला गळ्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

त्या कारखान्यात निकेल घातलेलं चांगलं स्टील वापरायचे. आता गंमत बघा. त्यात लोखंड असतंच, भरपूर असतं. पण निकेलच्या संगतीने त्या लोखंडाच्या कणांची आतली मांडणी अशी बदलते की मी हाक मारली तरी ते वळत नाहीत. निकेल नसलेलं स्वस्त स्टील मात्र लगेच मला येऊन चिकटतं. तेही कामाचंच, त्याला नावं ठेवू नका, पण जिथे चांगलं द्यायचं ठरलंय तिथे ते देणं म्हणजे फसवणूक. म्हणून मामांनी भांडाराच्या भिंतीवर तेलरंगाने ठसठशीत लिहिलं होतं: 'चिकटलं तर परत. नाही चिकटलं तर आत.'

नवा पत्रा आला की तो लाकडी घोड्यांवर आडवा ठेवायचे. मामा मला दोरीवर धरून त्याच्या मध्यावर न्यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "पंच, बोला!" हे माझं नाव. त्याबरोबर कारखान्यातली यंत्रं थांबायची, माणसं मान वळवून बघायची. मी सरळ लोंबकळत राहिलो तर मामा कानावरचा खडू काढून पत्र्यावर सही करायचे. मी खाली झेपावलो तर गाडीवाल्याला फक्त बोट दाखवायचे. गाडीवाला मुकाट्याने पत्रा परत चढवायचा. एवढा मान रेडिओत मिळाला नव्हता. वीस वर्षं मी हे काम केलं आणि एकदाही चुकलो नाही. ही बढाई नाही, मामांच्या वहीत आहे.

तरीही आबाळ काही चुकली नाही. कारखान्यात एक वेल्डर होता, मोठा थट्टेखोर. दोन लोखंडी पट्ट्या काटकोनात धरायला त्याला काहीतरी लागायचं, आणि मामांची पाठ वळली की तो मला उचलायचा. "पंच, जरा हातभार लावा," असं म्हणून ठिणग्यांच्या शेजारी बसवायचा. मित्रांनो, उष्णता म्हणजे माझा शत्रू. फार तापलो की माझ्या अंगातले ओळीत उभे असलेले कण गडबडतात, आणि निवल्यावर सगळे काही पुन्हा ओळीत येत नाहीत. माझी एक बाजू अशीच मंदावली. एकदा त्याने मला उंचावरून पाडलं, माझा कपचा उडाला आणि आतून एक बारीक भेग गेली. वेल्डरने मला फुंकर मारून गुपचूप खिळ्याला अडकवलं. भेग कोणालाच दिसली नाही.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं सांगतोय तो दिवस.

एका हॉस्पिटलने साठ खोलगट ट्रे करायला दिले होते, शस्त्रक्रियेची हत्यारं ठेवायला. निकेलचंच स्टील पाहिजे अशी अट होती. पत्रा मामांनी घेतला, मी तपासला, प्रेसवर दाबून ट्रे झाले, आरशासारखे चकचकीत झाले. सकाळी दहाला हॉस्पिटलच्या तपासनीस बाई माल बघायला आल्या. पट्टीने मापं घेतली, कडांवरून बोट फिरवलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"हा चुंबक कशाला टांगलाय?"

"तो होय? तो आमचा पंच," मामा कौतुकाने म्हणाले. "माल अस्सल की हलका ते तोच सांगतो. बघा ना लावून, बघाच!"

आणि मामांनी आपल्या हाताने मला खिळ्यावरून काढून बाईंना दिलं. मामा नेहमी मला पत्र्याच्या मध्यावर न्यायचे. बाईंना ती सवय नव्हती. त्यांनी ट्रे हातात उभा धरला आणि मला त्याच्या कोपऱ्याशी नेलं.

मला ओढ लागली. जोराची नव्हे, पण लागली. मी झुकलो आणि कोपऱ्याला अलगद टेकलो. टक्.

बाईंनी दुसरा ट्रे घेतला. टक्. तिसरा, चौथा. टक्, टक्. यंत्रं कोणी न सांगता थांबली. मालक कचेरीतून बाहेर आले.

"अहो, हे चिकटतंय," बाई म्हणाल्या. "तुमचाच नियम तुमच्याच भिंतीवर लिहिलाय."

मित्रांनो, मामा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. 'चुंबक बिघडलाय' असं म्हणाले असते तरी मी सोसलं असतं. पण वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. त्यामुळे ते माझ्याशी भांडले नाहीत, बाईंशीही भांडले नाहीत. ते स्वतःवरच उलटले.

"मालक," ते म्हणाले, "पंच खोटं बोलत नाही. माझीच नजर चुकली असणार. पत्रा घेताना मी कुठेतरी गाफील राहिलो. वय झालं, दुसरं काय."

"मामा, जरा थांबा, घाई करू नका," मालक म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

"मला कोणाला चोर म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या. आवाज कडक होता, पण वाईट नव्हता. "पण हा माल मी नेऊ शकत नाही. कारण लिहावं लागेल, दिलेल्या मालात हलकं स्टील आढळलं. आणि पत्रा ज्यांनी तपासून घेतला त्यांचं नावही लिहावं लागेल. मी चारपर्यंत दुसरी कागदपत्रं बघतेय. तोवर काही सांगायचं असेल तर सांगा."

म्हणजे मामांचं नाव. वीस वर्षांत एक पत्रा इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या माणसाचं नाव फसवणुकीच्या कागदावर जाणार होतं, आणि तेही माझ्या साक्षीवरून! मी खरंच सांगितलं होतं हो. कोपऱ्यात ओढ होती म्हणून मी झुकलो. पण का होती ते मला विचारलंच नव्हतं कोणी, आणि मला तोंड कुठे आहे सांगायला? पंच म्हणवून घेण्याची लाज वाटली मला त्या दिवशी. माझी मलाच.

मामांनी कमरेचा जुडगा सोडला आणि मालकांच्या टेबलावर ठेवला. मग मला उचलून खिळ्याला अडकवायला गेले. जायच्या आधी पंच जागेवर ठेवायचा, ही त्यांची शिस्त. पण डोळे भरलेले, खिळा नीट दिसेना. वीस वर्षांत पहिल्यांदा मी मामांच्या हातून निसटलो. फरशीवर पडलो, आणि ती जुनी भेग सरळ उकलली. एक मोठा तुकडा, एक धाकटा.

मामा खाली बसले आणि तुकडे गोळा करायला लागले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही.

"मामा, उठा बरं आधी," असं म्हणत प्रेसवरची ताई पुढे आली. बाकी सगळ्यांचे ते म्हणायचे मामा. या ताईचे मात्र सख्खे मामा, तिच्या आईच्या पाठचे भाऊ. ट्रे दाबायची मोठी प्रेस तीच चालवायची. हात कणखर, बोलणं थोडं. तिने माझे दोन्ही तुकडे घेतले आणि एका खिळ्याजवळ नेले. मोठ्याने खिळा धरला. धाकट्यानेही धरला. मित्रांनो, हे लक्षात ठेवा: चुंबक तुटला म्हणून अर्धा मरत नाही. प्रत्येक तुकडा आपापल्या परीने पुरा चुंबक होतो, दोन्ही ध्रुवांसकट. फक्त ताकद कमी असते.

मग तिने मला ट्रेच्या तळावर धरलं. काही नाही. कोपऱ्यावर. टक्. पुन्हा तळ, पुन्हा कोपरा. तिच्या भुवया वर गेल्या.

"मालक," ती म्हणाली, "हा ट्रे एका पत्र्याचा आहे ना? याला जोड आहे का कुठे?"

"जोड कसा असेल? तूच दाबलायस."

"मग तळ अस्सल आणि कोपरा हलका, हे कसं काय?"

मालक ट्रे उलटसुलट करून बघू लागले. ती पुढे म्हणाली, "दाबताना पत्रा कोपऱ्यात ताणला जातो. तिथे तो ताठ होतो, हाताला कळतं मला. तळाला वाकवा, वाकतो. कोपरा वाकत नाही. लाल करून निववला की परत नरम होतो. म्हणजे तिथे आत काहीतरी बदलतंय. ते बदललेलंच पंचाला कळत असेल तर?"

"मग सांग ना बाईंना तसं!" वेल्डर म्हणाला.

"मी सांगितलं तर म्हणतील, भाची मामाची बाजू घेतेय. मी नाही बोलणार. पंच बोलेल."

साडेतीनला बाईंना बोलावलं. ताईने त्यांना एवढंच सांगितलं, "त्याच गठ्ठ्यातला, ट्रेच्या मापाने कापलेला पत्रा तुम्ही निवडा आणि त्यावर तुमची सही करा." बाईंनी मधला एक पत्रा ओढून काढला आणि चारही कोपऱ्यांवर पेनाने सह्या केल्या. अशी बाई मला आवडते, कशावर चटकन विश्वास ठेवत नाही.

आता प्रश्न माझा होता. मी अर्धा झालो होतो, एक बाजू वेल्डरच्या कृपेने मंद. आखूड सुतळीवर माझी ही उरलेली ताकद दिसली असती की नाही, शंकाच होती. ताईने डोकं चालवलं. तिने माझ्या अंगाला चिकटलेला लोखंडाचा कीस कणिक लावून टिपून काढला. यंत्रांपासून लांब, छताच्या तुळईवरून शिलाईचा दुहेरी दोरा सोडला, चांगला दोन पुरुष उंच, आणि त्याला मला बांधलं. लांब दोऱ्यावर जराशी ओढ लागली तरी चुंबक सरकताना दिसतो. पंखे बंद केले. मी गरगरलो, सावकाश झालो, आणि माझं तोंड उत्तरेला करून स्थिर झालो. मोकळं सोडलं की मी नेहमी तसाच थांबतो. पृथ्वीसुद्धा एक चुंबक आहे आणि थोरल्यांचा मान मी ठेवतो.

मामा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, मान खाली. "मामा," ताई म्हणाली, "ते तुम्हीच म्हणा. दुसऱ्या कोणी म्हटलेलं त्याला कळत नाही."

मामांनी मान वर केली. मग एकदाचे म्हणाले, "पंच, बोला."

ताईने सहीचा सपाट पत्रा माझ्यासमोर धरला. मध्य. मी हललो नाही. पहिला कोपरा, नाही. दुसरा, तिसरा, चौथा. मी ढिम्म. बाईंनी मान डोलावली. ताईने पत्रा प्रेसमध्ये सरकवला आणि दांडा ओढला. धाडकन् आवाज झाला, फरशी हादरली, आणि पत्र्याचा ट्रे झाला. कोपऱ्यांवरच्या सह्या ताणून लांबट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या.

तिने तो ट्रे पुसला आणि सहीचा कोपरा माझ्याजवळ आणला. एक वीत. काही नाही. चार बोटं. काही नाही. मित्रांनो, मी आयुष्यात कशासाठी एवढा जीव ओतला नसेल. आतल्या एकेका कणाला म्हटलं, ओळ सोडू नका रे, आजचा दिवस ओळ सोडू नका. दोन बोटं. आणि मग ती आली, ती ओळखीची बारीक ओढ. दोरा तिरका झाला. मी सरकलो, सरकलो, आणि बाईंच्या सहीवरच जाऊन टेकलो. टक्.

"अगं बाई!" तपासनीस बाई म्हणाल्या आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

"अजून झालं नाही," ताई म्हणाली. तिने तो कोपरा कापून काढला. वेल्डरने मुकाट्याने आपली गॅसची बत्ती आणली, आज थट्टा नव्हती. त्याने कोपरा लालभडक होईपर्यंत तापवला आणि पाण्यात बुडवला. चर्रर्र झालं. ताई तो चिमट्यात धरून माझ्याकडे निघाली, तसे मामा ताडकन उठले.

"गरम आहे तो! पूर्ण निवू दे आधी, मगच पंचाजवळ ने. आधीच किती हाल झालेत त्याचे!"

ज्याच्यामुळे आपलं नाव बुडायला निघालं त्याचीच काळजी करणारा हा माणूस. मामांनी स्वतः तो तुकडा हाताने चाचपून बघितला, मनगटाला लावून बघितला आणि मग स्वतःच माझ्यासमोर धरला. तोच कोपरा, तीच सही, जळून काळपट झालेली. या वेळी मला काहीच जाणवलं नाही. लाल झाल्यावर आतली मांडणी पहिल्यासारखी झाली होती, आणि ते कण पुन्हा माझी हाक ऐकेनासे झाले होते. दोरा सरळ राहिला.

"आणखी एक कोपरा करा," बाई म्हणाल्या. केला. तेच झालं. तेव्हा बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि लिहिलेली ओळ दोन रेघा मारून खोडली. "हे मला माहीत नव्हतं," त्या मामांना म्हणाल्या. "मला एकच वाक्य सांगितलं होतं, चिकटता कामा नये. मी तेवढंच बघत आले. आतापर्यंत किती जणांचा माल परत केला असेन, कोण जाणे."

"अहो बाई, मीही तेच भिंतीवर लिहून ठेवलंय वीस वर्षं," मामा म्हणाले. आणि हसले. मग मालकांनी चाव्यांचा जुडगा उचलून त्यांच्या कमरेला आपल्या हाताने अडकवला, तेव्हा मात्र ते हसू टिकलं नाही. वेल्डर पुढे येऊन म्हणाला, "मामा, पंचाला भेग माझ्यामुळे गेली होती. पाडला होता मी. सांगितलं नाही." मामांनी त्याला दोन चांगल्या शिव्या दिल्या आणि पाठीवर थापही दिली.

जाताना बाईंनी साठ ट्रे मोजून घेतले आणि जरा घुटमळल्या. "तो धाकटा तुकडा मिळेल का मला?" मामांनी तो मऊ फडक्यात गुंडाळून दिला आणि बजावलं, "तापवू नका, आपटू नका. आणि फक्त कोपऱ्याला विचारू नका, तळालाही विचारा." तेव्हापासून माझा धाकटा बाईंच्या पिशवीत बसून गावोगावचे कारखाने फिरतोय. मी इथे खिळ्यावर, तो तिथे भटकंतीवर. हेवा वाटतो, पण अभिमान जास्त वाटतो.

भिंतीवरची ती ओळ मामांनी पुसली नाही. तिच्याखाली आणखी एक लिहिली: 'चिकटलं तर आधी विचार, का चिकटलं?' आताही पत्रा आला की यंत्रं थांबतात. पण मामा "पंच, बोला" म्हणायच्या आधी चष्मा पुसतात आणि हळूच म्हणतात, "थांबा, काय विचारायचं ते आधी माझं मला ठरवू द्या."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल, जुन्या खेळण्यात, बंद पडलेल्या रेडिओत, फ्रिजच्या दारावर. त्याला विस्तवाजवळ ठेवू नका, जमिनीवर आपटू नका, त्याची भेग दिसली तर लपवू नका. आम्ही मरेपर्यंत खरंच सांगतो. पण आम्ही सांगतो तेवढंच खरं, त्याहून जास्त नाही. म्हणून माझ्या एका 'टक्'वर कोणा माणसाला खोटं ठरवायची वेळ आली, तर एकदा, फक्त एकदा, मला उचलून तळालाही लावून बघा.